विश्लेषण : दशावतार पत्त्यांवर आला, पण खेळ आला का?

एखाद्या खेळातलं कल्पनाविश्व आवडलं, पण त्याचे नियम पटले नाहीत, तर? जगभरचे रोलप्लेइंग गेमर अशा वेळी ते विश्व उचलून दुसऱ्या नियमांत बसवतात. हेच काम शेकडो वर्षांपूर्वी गंजिफात झालं आहे आणि त्याचा पुरावा आजही सावंतवाडीत रंगवला जातो.

रोलप्लेइंग गेम म्हणजे काय?

सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे सांगणं सोपं आहे. जत्रेतल्या दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. या खेळातही चार-पाच जण टेबलाभोवती बसून असंच करतात. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. फरक इतकाच की राक्षसावरचा वार लागला की हुकला, हे फासा ठरवतो. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रुळला.

नियम बदलले की काय बिघडतं?

टोल्किनच्या विश्वावर २०११ मध्ये ‘द वन रिंग’ हा गेम आला. लांबच्या प्रवासाचा थकवा आणि मनावर पडत जाणारी काळी सावली, या दोन्हींसाठी त्यात स्वतंत्र नियम होते. २०१६ मध्ये त्याच प्रकाशकाने हे विश्व ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांत आणलं. अडचण अशी की तिथे मंत्रांचा सुकाळ, तर टोल्किनच्या जगात जादू दुर्मीळ. म्हणून मंत्र टाकणारी पात्रं वगळली गेली आणि प्रवास व सावलीचे नियम सोबत नेले गेले. नुसते नकाशे आणि नावं नेली असती, तर आत जुनाच खेळ राहिला असता.

गंजिफात हे कसं साधलं?

गंजिफा मुघलांबरोबर रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधला हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल संचात ८ रंग, प्रत्येकी १२ पत्ते, एकूण ९६. दशावतारी संचात १० अवतारांचे १० रंग झाले आणि पत्ते १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी.

चित्रं बदलली, पण सांगाडा तोच राहिला. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का मोठा, हा नियम दोन्हीकडे आहे. मुघल खेळात दिवसा सोन्याच्या नाण्याचा राजा असणाऱ्याची उतारी, रात्री चांदीच्या नाण्याचा राजा असणाऱ्याची. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. सूर्यवंशी राम आणि चंद्रवंशी कृष्ण. माझ्या मते हे रूपांतराचं उत्तम उदाहरण आहे, कारण नियम टिकला आणि नव्या विश्वात त्याला अर्थही मिळाला.

मग आज अडचण कुठे आहे?

सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यात पुन्हा उभी केली. आज तिथे ५२ पत्त्यांचे संचही गंजिफा शैलीत रंगवले जातात. कारागिराच्या हाताला काम मिळतं, ते हवंच. पण ४ रंगांत १० अवतार मावत नाहीत. तिथे रमी खेळली, तर आपण रमीच खेळतो. अवतार फक्त पत्त्याच्या पाठपोटावरची सजावट.

आम्ही तिघा मित्रांनी मालवणात एकदा दशावतारी डाव मांडला. प्रत्येकी ४० गोल पत्ते. हातात धरता धरताच निम्मे सांडले. एक्का मोठा की दश्शी, यावरून दर हाताला वाद. पण सूर्य बुडाला आणि पुढच्या डावाची उतारी कृष्णाकडे गेली, तेव्हा खिडकीबाहेरचा अंधारही आमच्या खेळात आला. हे ५२ पत्त्यांत कधी झालं नव्हतं.

काय करता येईल?

उद्या कुणी मराठी मुलं दशावतारावर ॲप, बोर्डगेम किंवा रोलप्लेइंग गेम करतील. त्यांनी चित्रकार शोधण्याआधी एक यादी करावी : कोणता नियम काढला तर हा दशावतार उरणार नाही? मोबाइलला दिवस-रात्र कळते. उतारीचा नियम टाकायला कोडच्या चार ओळी पुरतील. आणि राजवाड्यातून संच घेणाऱ्यांनी तो भिंतीवर लावण्याआधी एक डाव तरी खेळावा. दिवेलागणीच्या थोडं आधी बसलात तर उत्तम.