तेलाचा डबा आणि कायद्याचा काटा

वसईतील गिरीजच्या वाड्यांत केळी, भाजी आणि फुले पिकतात. परंतु तेथील चुलीवरची कढई बहुधा परदेशी तेलानेच तापते. किराणा दुकानातील पामतेलाचा डबा इंडोनेशिया वा मलेशियातून, सोयातेलाचा अर्जेंटिनातून निघालेला असतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेने स्वावलंबन दृष्टिपथात आणले होते; १९९४ पासून पामोलीनची आयात खाजगी व्यापाराला मोकळी झाली आणि ती वाट बुजत गेली. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात साडेतीन आठवड्यांपुरतीच थांबवली, तरी येथील गृहिणीच्या उरात धडकी भरावी, इतकी ही पराधीनता आहे.

कायद्याची गरज कोणीही नाकारू नये. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला. २०११ च्या नियमांनी सुट्या तेलाच्या विक्रीस मनाई केली. बंदरात उतरणाऱ्या मालाचे नमुने घ्यावेत, प्रयोगशाळेने ते तपासावेत आणि मगच माल सोडावा, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. प्रश्न तिच्या भाराचा आहे.

हा भार उतरतो कोठे? रोजंदारीवर जगणारे कुटुंब दिवसापुरते तेल घेते. त्याला सुटे तेल नाकारायचे आणि लहान पिशवी किलोमागे महाग पडली तर काय, हे विचारायचेही नाही, हा न्याय कसला? वडे तळणाऱ्याच्या कढईतील तेलात ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर जाऊ नयेत, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. तोही योग्यच. परंतु कढई रस्त्यावर असते म्हणून ती निरीक्षकाला सहज दिसते. बंदराजवळच्या टाक्या आणि घाऊक गोदामे कुंपणाआड असतात. भेसळीत मोठी कमाई होते ती तेथे, चिमूटभर नफ्याच्या गाड्यावर नव्हे.

भावाचेही तेच. ३० मे २०२५ रोजी केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. ही सवलत ग्राहकाच्या डब्यापर्यंत किती पोचली, याचा हिशेब आयातदारांकडून जाहीरपणे घेतला पाहिजे. शिवाय शुल्क उतरले की लातूर-विदर्भाच्या सोयाबीन उत्पादकाचा भाव पडण्याची भीती असते. ग्राहक आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करून मधला व्यापार निर्धास्त राहतो.

१९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा साठेबाजांच्या कोठारांकडे बोट दाखविण्यास त्या कचरल्या नव्हत्या. वसईला तर सहकाराची परंपरा आहे. १९१८ साली येथील ख्रिस्ती समाजाने सहकारी बँक उभारली. गिरीज आणि भोवतालच्या गावांतील महिला मंडळांनी, पतसंस्थांनी एकत्र येऊन घाऊक दराने डबे घ्यावेत, प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेतील अहवाल मागावा आणि गरजूंना मोहोरबंद लहान माप त्याच दराने द्यावे. बांधणीसाठी लागणारा परवाना काढून देण्यास कार्यकर्त्यांनी हातभार लावावा. अन्न व औषध प्रशासनाने किती नमुने गाड्यांवरून घेतले आणि किती गोदामांतून, हा आकडा तालुकावार मागण्यास माहितीचा अधिकार पुरेसा आहे. तो अर्ज याच महिन्यात जावा.