विश्लेषण : ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिले तरी क्रेडिट कार्डाचे देणे का संपत नाही?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रकमेचा आणि दुसरा ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’चा. दुसरा आकडा बहुतेकदा पहिल्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. महिनाअखेरीला हात आखडलेला असला की तोच जवळचा वाटतो. तो भरला की दंड लागत नाही आणि वसुलीचे फोनही येत नाहीत. व्याज मात्र सुरू होते, आणि बँकेला हवा असतो तो ग्राहक हाच.

बँकेला पैसे कोण देतो?

सगळे बिल वेळेत भरणाऱ्या ग्राहकाकडून बँकेला व्याजाचा एक रुपयाही मिळत नाही. त्याच्या खरेदीवरचे पैसे दुकानदार देतो. हजार रुपयांच्या व्यवहारामागे साधारण 20 रुपये कापले जातात आणि ते कार्ड देणारी बँक, दुकानदाराची बँक व कार्ड नेटवर्क यांच्यात वाटले जातात. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर 2020 पासून असे शुल्कच नाही. मॉलमध्ये टेबल मांडून ‘लाइफटाइम फ्री’ कार्डासाठी आर्जवे का केली जातात, हे यावरून कळेल. मोठी कमाई मात्र थकबाकी पुढे ढकलणाऱ्यांकडून होते.

पन्नास हजारांचे गणित

समजा, बिल 50,000 रुपयांचे आहे. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून प्रत्यक्ष भार महिन्याला 4.13 टक्क्यांवर जातो. ग्राहकाने पाच टक्के, म्हणजे 2,500 रुपये भरले. उरले 47,500. त्यावर महिन्याभरात व्याज आणि कर मिळून सुमारे 1,960 रुपये चढले. पुढचे बिल आले 49,460 रुपयांचे. अडीच हजार गेले आणि कर्ज फिटले जेमतेम 540 रुपयांचे.

कार्डावर एकही नवी खरेदी न करता वर्षभर असेच पाच टक्के भरत राहिले, तर खिशातून 28,000 हून अधिक रुपये जातात. देणे तरीही सुमारे 44,000 उरते.

प्रत्यक्षात गोष्ट याहून वाईट असते, कारण कार्ड वापरणे थांबलेले नसते. बिल पूर्ण भरले नाही की 45-50 दिवसांची बिनव्याजी सवलत जाते आणि नव्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर ही सवलत मुळातच नसते. वर रोख काढण्याचे शुल्क वेगळे.

व्याजाला मर्यादा का नाही?

होती. 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये ठरवले होते. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो आदेश रद्द केला. बँक आणि ग्राहक यांच्यातील कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार आयोगाला नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असा निकाल लागला. रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी व्याजाचा कमाल आकडा ठरवून दिलेला नाही.

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. सावकारी कायदा बँकांना लागू नाही. त्यामुळे ज्या व्याजासाठी सावकारावर कारवाई होईल, त्याच्या दुपटीहून अधिक व्याज कार्डाच्या बिलावर कायदेशीरपणे छापून येते.

ग्राहकाच्या हातात काय?

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनी काही आधार दिला आहे. देय तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही, आणि ते एकूण बिलावर नव्हे तर न भरलेल्या रकमेवरच लावायचे असते. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारण्यास मनाई आहे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड लांबत जाईल, हा इशाराही बिलावर द्यावा लागतो. तो कोणत्या पानावर, किती बारीक अक्षरात असतो, हे कार्डधारकाने एकदा शोधून पाहावे. सर्व देणी चुकवून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर बँकेने ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते. नाही केली तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

अडकलेल्याने आधी ते कार्ड वापरणे थांबवावे. वैयक्तिक कर्ज कार्डाच्या निम्म्याहून कमी दराने मिळत असेल, तर ते काढून थकबाकी मिटवणे स्वस्त पडते. कर्ज मिळत नसेल, तर किमान रकमेच्या वर जमेल तितके भरावे. तसे करायला कोणाची परवानगी लागत नाही. वरच्या उदाहरणात दरमहा 5,000 रुपये ठरवून भरले, तर देणे तेराव्या हप्त्याला संपते.