बिअरची नळी की गॅसची नळी?

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा साठीच्या पुढचे आईवडील असतात. मुलगा अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक फ्रिज घेतलेला असतो, त्यात बिअरचं स्टीलचं पिंप म्हणजे केग ठेवलेला असतो आणि फ्रिजच्या दाराला हॉटेलसारखा नळ बसवलेला असतो. व्हिडिओ कॉलवर तो हे सगळं कौतुकाने दाखवतो. इकडे आई काळजीत पडते आणि पुढच्या वेळी बीपी तपासायला आली की विचारते, "डॉक्टर, प्लॅस्टिकच्या नळीतून बिअर प्यायली तर कॅन्सर होतो का हो?"

प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त या यंत्रात नळ्या दोन असतात आणि माझ्या मते सगळे जण चुकीच्या नळीची काळजी करतात.

आधी रचना समजून घेऊ. कार्बन डायऑक्साइडचा एक सिलिंडर असतो. त्यावर दाब कमी करणारा रेग्युलेटर. रेग्युलेटरपासून केगपर्यंत एक नळी जाते, ती गॅसची. गॅस वरून दाबतो म्हणून केगमधली बिअर दुसऱ्या नळीतून नळाकडे येते, ती बिअरची. आपल्याकडची सोड्याची मशीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल.

बिअरच्या नळीची गोष्ट तुलनेने सोपी आहे. जुन्या पद्धतीची नळी मऊ पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर नावाची रसायनं घालतात. त्यातलं डीईएचपी हे आम्हा डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे, कारण सलाइनच्या नळ्यांमध्ये आणि रक्ताच्या पिशव्यांमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. ते नळीतून आतल्या द्रवात थोडंथोडं उतरतं. द्रवात स्निग्ध पदार्थ किंवा अल्कोहोल असेल तर जास्त उतरतं. म्हणूनच पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध देताना साधा पीव्हीसीचा सेट वापरत नाहीत. बिअरमध्ये अल्कोहोल पाचेक टक्केच असतं आणि ती थंड असते, त्यामुळे एका पेल्यात उतरणारा अंश किरकोळच असणार. तरी टाळता येतं ते टाळावं. आतून वेगळा थर चढवलेल्या, बॅरिअर प्रकारच्या नळ्या आता सहज मिळतात. त्यांतून रसायन कमी उतरतं, बाहेरचा ऑक्सिजन आत शिरत नाही आणि आधीच्या बिअरचा वासही धरून राहत नाही. अमेरिकेत घेत असाल तर नळीवर एनएसएफ ५१ असा शिक्का बघा, युरोपात पेला आणि काट्याचं चिन्ह. मत्स्यालयाची नळी, बागेची नळी किंवा हार्डवेअरच्या दुकानातली मीटरवर मिळणारी पारदर्शक नळी वापरू नका. दिसायला सारखी असते, पण ती अन्नासाठी बनवलेली नसते. सिलिकॉनची नळी शरीराला निर्धोक, पण तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो आणि बिअर लवकर शिळी होते.

नळीइतकंच लक्ष जोडांकडे द्या. बिअर आम्लधर्मी असते. पितळी जोडावरचा क्रोमचा मुलामा झिजला की तांबं, आणि जुन्या पितळात शिसंही, तिच्यात उतरू शकतं. चिंच-कोकम घातलेली आमटी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवायची नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, त्यातलाच हा प्रकार. नळ आणि जोड स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. चार पैसे जास्त जातील.

आता जाडी आणि लांबी. इथे मला जरा विषयांतर करायचं आहे, कारण या बिअरवाल्यांचा मुख्य नियम एका डॉक्टरच्या नावावर आहे. जाँ पॉझाय हे फ्रेंच वैद्य १८४०च्या सुमारास रक्ताच्या प्रवाहाचा अभ्यास करत होते. बारीक नळीतून जाणारा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. म्हणून तर अपघाताच्या पेशंटला आम्ही जाडीतली जाडी सुई लावतो. हाच नियम उलटा लावा. बिअरची नळी पाव इंच आतल्या व्यासाऐवजी ३/१६ इंचाची घेतली की त्याच दाबाला प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. बिअर नळापर्यंत हळू आणि शांतपणे यावी, वाटेतच दाब उतरावा, नाहीतर पेल्यात नुसता फेस पडतो. साधारण ३ अंश सेल्सिअस तापमान आणि १२ पीएसआय दाब असेल तर ३/१६ इंचाची आठ ते बारा फूट नळी लागते. बॅरिअर नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून ती थोडी लांब ठेवावी किंवा ४ मिलिमीटरची घ्यावी. लांब नळी घेऊन पाहिजे तेवढी कापत जावं. आखूड नळी लांब करता येत नाही.

फेसाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो. १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्युबेक शहरात भरपूर बिअर पिणारी माणसं अचानक हृदय कमकुवत होऊन दाखल होऊ लागली, कित्येक दगावली. कारण निघालं कोबाल्ट. फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये त्याचा क्षार घालत होते. तो बंद केल्यावर साथ थांबली. त्याच्याही आधी, १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरात हातापायांची ताकद गेलेले, तळव्यांची कातडी जाड झालेले हजारो रुग्ण आले. सहा हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली, किमान ७० मेले. डॉक्टरांनी आधी निदान केलं: दारूमुळे नसा गेल्या. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांच्या मात्र लक्षात आलं की कडक दारू पिणारे ठीक आहेत, बिअर पिणारेच आजारी पडताहेत. त्यांनी बिअर तपासली आणि तिच्यात आर्सेनिक सापडलं. बिअरसाठीची साखर ज्या आम्लाने बनवली होती, त्या आम्लातून ते आलं होतं. पिणाऱ्या माणसाचं प्रत्येक दुखणं दारूच्या खात्यावर टाकायची सवय आमच्या पेशात आजही आहे, आणि ती मला पटत नाही.

आता दुसरी नळी, गॅसची. माझं म्हणणं इथेच आहे. लोक चकचकीत नळावर पैसे खर्च करतात, बिअरच्या नळीवर तासन् तास चर्चा करतात आणि गॅसची नळी मात्र मिळेल ती लावतात. वास्तविक घरातल्या माणसाचा जीव जाऊ शकतो तो या नळीमुळे.

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि साध्या तापमानाला दाब आठशे पीएसआयच्या वर असतो. रेग्युलेटर तो दहा-बारावर आणतो. नळी ५/१६ इंच आतल्या व्यासाची, जाड भिंतीची, दाबाचं रेटिंग छापलेली घ्यावी. दोन्ही टोकांना स्टीलचे क्लॅम्प हवेत, नुसती दाबून बसवलेली नळी नको. रेग्युलेटरला उलट प्रवाह रोखणारा झडपेचा जोड हवा, नाहीतर कधीतरी बिअर उलटी गॅसच्या नळीत शिरते. गॅसची नळी लाल किंवा वेगळ्या रंगाची असली की गोंधळ होत नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि भिंतीला किंवा फ्रिजला बांधून ठेवायचा. बसवल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, आपण स्वयंपाकाच्या गॅसला बघतो तसेच. आणि हे दर वेळी, सिलिंडर बदलला की.

स्वयंपाकाच्या गॅसशी साम्य इथेच संपतं. एलपीजीला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, गळती नाकाला कळते. कार्बन डायऑक्साइडला वास नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड आहे, म्हणून खाली साठतो. म्हणजे तळघरात, खोलगट जागेत, जमिनीवर खेळणाऱ्या मुलाच्या आणि कुत्र्याच्या उंचीला.

हिशोब करून बघा. घरगुती छोटा सिलिंडर ५ पौंडांचा, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आसपास. त्यातून सुमारे १,२०० लिटर गॅस होतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची बंद खोली घेतली तर तिच्यात सुमारे २५,५०० लिटर हवा मावते. सगळा सिलिंडर थोड्या वेळात तिथे रिकामा झाला तर हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या वर जातं. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेने ४ टक्के ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली आहे. माळ्याखालची छोटी कोठी असेल तर आकडा याच्या कितीतरी पट. हळू गळती असेल आणि दारं-खिडक्या उघडझाप होत असतील तर एवढं होत नाही, हेही खरं. पण थंड देशांतली घरं हवाबंद असतात आणि हिवाळ्यात खिडक्या महिनोन् महिने उघडत नाहीत. २०११ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका उपाहारगृहात शीतपेयांसाठीच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळीतून गळती झाली, गॅस स्वच्छतागृहात साठला आणि एक वृद्ध महिला दगावली.

आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. तोंड उघडं टाकून वाट बघतात, कंदील आत सोडून बघतात. (कंदिलावर पूर्ण भरवसा ठेवू नये. तो ऑक्सिजन कमी झाला की विझतो, पण कार्बन डायऑक्साइड त्याआधीच माणसाला आडवं करू शकतो.) विहिरीत एक जण पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तळघरात माणूस पडलेला दिसला तर धावत आत जाऊ नका. जमेल तेवढी दारं बाहेरून उघडा, मोठ्याने हाका मारा, आपत्कालीन मदतीला फोन करा.

लक्षणं अशी: डोकं दुखणं, विनाकारण धाप लागणं, छातीत धडधड, घाम, गुंगी. गॅरेजमध्ये गेलं की डोकं दुखतं आणि अंगणात आलं की थांबतं, असं कोणी सांगितलं तर मी आधी सिलिंडर बंद करायला सांगेन. काळ्या घट्ट बिअरसाठी जे मिश्रण वापरतात, त्यात सुमारे तीन चतुर्थांश नायट्रोजन असतो. तो आणखी फसवा. आपल्या शरीराला धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. नायट्रोजनने गुदमरणाऱ्या माणसाला तशी धाप लागत नाही, तो सरळ बेशुद्ध होतो.

"पण आमच्या घरी सीओ अलार्म आहे ना," असं मुलं हमखास सांगतात. तो कार्बन मोनॉक्साइडचा असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला तरी तो वाजत नाही. वेगळा सीओ-टू मापक घ्यावा लागतो आणि तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. केगच्या सामानाच्या यादीत तो क्वचितच असतो. माझ्या मते तो यादीत पहिला असायला हवा.

सफाईबद्दल थोडक्यात. नळीत जिवाणूंचा आणि यीस्टचा थर बसतो, बिअर आंबूस लागते. त्याने सहसा आजार होत नाही, कारण बिअरचं आम्ल, अल्कोहोल आणि हॉप्स यांत रोगजंतू फारसे तगत नाहीत. धोका आहे तो सफाईच्या द्रावणाचा. त्यात कॉस्टिक सोडा असतो. नळी नीट न धुता पहिला पेला भरला तर अन्ननलिका भाजते, आणि ती भाजलेली अन्ननलिका आयुष्यभराचं दुखणं ठरू शकते. भरपूर पाण्याने धुऊन शेवटचं पाणी लिटमस कागदाने तपासा. द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, लिंबू-व्हिनेगर पाजू नका. तोंड धुवा आणि थेट रुग्णालय गाठा.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी यातून स्फूर्ती घेऊ नये. सोड्यासाठी सिलिंडर घेतला असेल तर मात्र वरचं गॅसचं सगळं लागू आहे.

एक शेवटची गोष्ट नळीची नाही, मापाची आहे. बाटली संपते तेव्हा कळतं. नळ संपत नाही. घरगुती केग साधारण १९ लिटरचा. ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये त्यात सुमारे ७५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे लहान बाटलीच्या मापाने ५३ बाटल्या. "किती घेता?" या प्रश्नाला मला गेली पंचवीस वर्षं "एखादा पेला" हेच उत्तर मिळत आलंय. केग असणाऱ्यांना मी तो प्रश्न विचारतच नाही. केग बसवला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा आणि किती जण पितात ते लिहा, एवढंच सांगतो. एकट्याने दोन आठवड्यांत संपवला तर रोजच्या जवळजवळ चार बाटल्या झाल्या. तो आकडा घेऊन या, मग लिव्हरच्या तपासण्या कोणत्या करायच्या ते ठरवू.