मेंदूची किंमत आणि कातडीचा रंग

अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू माईक वेबस्टर २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या आघातांच्या खुणा आढळल्या. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध होताच व्यावसायिक लीगच्या समितीतील डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली! १९९४ साली नेमलेल्या या समितीचा पहिला अध्यक्ष मेंदूचा नव्हे, संधिवाताचा तज्ज्ञ होता.

कारखानदार यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद हिशेबात करतो. माणसाच्या मेंदूचा घसारा मात्र त्याच्या बायकामुलांच्या खाती पडतो. शिरस्त्राणाने कवटी वाचते, आत हेलकावणारा मेंदू वाचत नाही. हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले, तेव्हा २०१३ साली लीगने साडेशहात्तर कोटी डॉलर्सची तडजोड मान्य केली. दोष मात्र कबूल केला नाही.

खरी मेख पुढेच होती. स्मृतिभ्रंशाचे दावे तपासताना कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक क्षमता गोऱ्यांपेक्षा कमीच, असे गृहीत धरले जाई. साहजिकच त्यांची हानी कमी भरे आणि भरपाई नाकारली जाई. ज्या खेळात बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, तेथे हा हिशेब! (आकडेशास्त्राला आम्ही निष्पक्षपाती म्हणत आलो.) दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये दावा दाखल केल्यावर बोभाटा झाला आणि २०२१ साली लीगला ही पद्धत सोडण्याचे वचन द्यावे लागले.

ही तडजोडही व्यावसायिक खेळाडूंपुरतीच. शाळाकॉलेजांच्या मैदानांवर त्याच खेळात डोकी आपटून घेणाऱ्या पोरांना तीतून एक डॉलरही मिळत नाही.