गाळलेली संख्या

परीक्षेच्या तयारीला बसलेल्या मित्रांना मी विचारले : १, २, ४, ८, १६, पुढे काय? सर्वांनी एकमुखाने ‘३२’ म्हटले. मी म्हणालो, ‘३१’ही बरोबर! वर्तुळावर बिंदू घेऊन सर्व एकमेकांस जोडा. आत तीन रेषा एका ठिकाणी मिळू देऊ नका. पाच बिंदूंनी १६ भाग पडतात, सहांनी ३१च.

आमच्या वडगावचा विणकर तुटलेला धागा नेमक्या जागी जोडतो, कारण नक्षीचा नियम त्याला ठाऊक असतो. परीक्षेत मात्र नियम दडवून नुसती संख्या मागतात. आपण शेजारच्या संख्यांतील फरक काढतो नि उत्तर ठोकून देतो. फरक जरूर काढावा; पण ती अटकळ झाली, सिद्धता नव्हे.

‘लीलावती’त (इ. स. ११५०) भास्कराचार्य आधी नियम सांगतात : पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान, रोज ५ची वाढ, दिवस १५. मग एकूण दान ५८५ द्रम्मच. वादाला जागा नाही.

‘श्रेढी’ हा शब्द मराठीत आहे, तसा कन्नडमध्येही. म्हणून दोन्ही विभागांच्या वाचकांना आणि गुरुजनांना विनंती : रिकाम्या चौकटीशेजारी ‘का?’साठी एक ओळ सोडा, आणि अर्धे गुण त्या ओळीला द्या.