आवाज कुणाचा?

‘पुरुषोत्तम’ला भरत नाट्य मंदिरात घसा फाटेस्तोवर ‘अरे, आवाज कुणाऽऽचा’ ओरडणारे आपण प्लेसमेंटच्या मुलाखतीत भलत्याच आवाजात बोलायला लागतो. तो आवाज नक्की कुणाचा असतो? ‘सॉरी टू बॉदर यू’ हा २०१८ चा अमेरिकन सिनेमा हाच प्रश्न विचारतो, तोही पोट धरून हसवत.

दिग्दर्शक बूट्स रायली मूळचा रॅपर. कधीकाळी त्याने टेलिमार्केटिंगची नोकरीही केलेली. सिनेमा दिग्दर्शित करण्याची मात्र ही पहिलीच वेळ. त्याचा कृष्णवर्णीय नायक कॅशस (लकीथ स्टॅनफिल्ड) ऑकलंडमध्ये काकाच्या गॅरेजमध्ये राहतो, भाडं थकलेलं. फोनवरून वस्तू विकायची नोकरी लागते. फोन लावला की हा टेबलासकट धाडकन गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन आदळतो! कुणी जेवतंय, कुणी दुःखात आहे, आणि हा मध्येच विकायला बसलाय. न मागता आलेला कॉल कसा वाटतो, ते एका फटक्यात कळतं.

विक्री होईना, तेव्हा शेजारचा वयस्कर सहकारी (डॅनी ग्लोव्हर) सल्ला देतो: गोऱ्या माणसाचा आवाज काढ. म्हणजे नाकात बोलायचं नाही. सगळी बिलं भरलीयेत, नोकरी जायची भीती नाही, अशा निवांत माणसासारखं बोलायचं. कॅशस तोंड उघडतो आणि बाहेर येतो दुसऱ्याच नटाचा, डेव्हिड क्रॉसचा आवाज. मग प्रमोशनच प्रमोशन.

आपल्याला हे नवीन नाही. कॉल सेंटरमध्ये ॲक्सेंट ट्रेनिंग असतंच. पण त्याच्या कितीतरी आधी, विदर्भातून पुण्यात आलेला मित्र ‘करून राहिलो’ सोडून ‘करतोय’ म्हणायला लागतो. त्याला कुणी ट्रेनिंग दिलेलं नसतं. आपण हसलेलो असतो, एवढं पुरतं.

सिनेमा मात्र उच्चारांवर थांबत नाही. त्या आवाजात तू विकतोस काय, हा त्याचा खरा प्रश्न. वरच्या मजल्यावर पोचलेला कॅशस चक्क माणसांचे श्रम विकतो: जेवण आणि छपराच्या बदल्यात आयुष्यभराचा करार केलेल्या कामगारांचे. खाली त्याचेच मित्र पगारासाठी संपावर, आणि हा बंदोबस्तात त्यांच्यामधून वाट काढत आत जातो. पुढचं सांगत नाही. घोड्यांचा संबंध आहे, एवढंच. शेवटी सिनेमा एकदम इतकं बोलू बघतो की दम लागतो, हे खरं. पण पहिल्याच सिनेमात एवढी हिंमत करणारे किती?

आवाज बदलणं हा काही गुन्हा नाही, प्रश्न पोटाचा असतो. कॅशसची चळवळीतली कलाकार मैत्रीणसुद्धा स्वतःच्या प्रदर्शनात ब्रिटिश आवाजात बोलते. तेव्हा मुलाखतीत हवा तो आवाज काढा. फक्त हॉस्टेलवर परतल्यावर ‘करून राहिलो’ म्हणणाऱ्याला हसू नका. आणि उद्या नोकरीच्या ठिकाणी खालच्या मजल्यावरचे लोक पगारासाठी अडून बसले, तर लिफ्टचं बटण दाबण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. कारण वर जाऊन ज्या आवाजात बोलायचंय, तो आपला नाहीये, राव.