लॉगमध्ये एंट्री नाही म्हणून काउंटरवरच्या पोराला चोर ठरवू नका

बिलिंग सॉफ्टवेअर घेताना काय बघायचं, यावर मी व्हिडिओ केला. पण त्यात एक गोष्ट बोललो नाही, कारण कॅमेऱ्यासमोर सांगायची लाज वाटली. लिहायला जरा सोपं जातंय.

गेल्या जूनची गोष्ट. जीएसटीआर-१ची ११ तारीख जवळ आली होती, म्हणून मे महिन्याची बिलं सीए मॅडमना पाठवली. तासाभरात त्यांचा फोन. "४३१८ नंबरनंतर एकदम ५३०२ आहे. मधली ९८३ बिलं कुठे गेली?" जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचे नंबर सलग लागतात, हे आपण सगळेच जाणतो. माझ्या पोटात गोळा आला.

सॉफ्टवेअरवाल्याच्या सपोर्टला फोन लावला. त्याने रिमोटवर बघितलं आणि म्हणाला, "सर, सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये त्या दिवसाची एकही एंट्री नाही. म्हणजे सर्व्हरकडून काही झालेलं नाही. तुमच्याकडच्याच कोणीतरी बिलं डिलीट केलीत."

आणि मी ते खरं मानलं. बीबीए केलंय, लोकांना धंदा शिकवतो, तरी मानलं. काउंटरवरच्या मुलाला दोन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "बिलं कुठे आहेत?" तो आधी गप्प बसला. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, ४३१८ चं बिल ४ वाजून ३७ मिनिटांचं आहे, ५३०२ चं ५ वाजून ५ मिनिटांचं. अर्ध्या तासात हजार बिलं? आपल्या दुकानात?"

इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचं दुकान आहे आमचं. दिवसाला चाळीस बिलं झाली तरी मी खूश असतो. एवढा साधा हिशोब मी केला नव्हता, कारण 'लॉगमध्ये एंट्री नाही' हे वाक्य ऐकून माझं डोकंच बंद पडलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. 'लॉगमध्ये काही नाही' हा पुरावा नसतो. तो शोध घ्यायला सुरुवात करायचा मुद्दा असतो. का, ते सांगतो.

आपल्यासारख्या दुकानांत बरीच सॉफ्टवेअर एस्क्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालतात, ते फुकट मिळतं म्हणून. हा सर्व्हर स्वतःची एक डायरी ठेवतो, तिला एररलॉग म्हणतात. पण सर्व्हरची सर्व्हिस जितक्या वेळा सुरू होते, तितक्या वेळा तो नवी वही उघडतो. जुनीला १ नंबर, त्याआधीच्या वहीला २ नंबर, असं करत मूळ सेटिंगमध्ये सहाच जुन्या वह्या ठेवतो. त्याच्या मागची पुसली जाते. मोठ्या कंपनीत सर्व्हर महिनोन्महिने बंद होत नाही, तिथे सहा वह्या खूप झाल्या. आम्ही रोज रात्री पीसी बंद करतो आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद ठेवलंय, म्हणजे रोज सकाळी नवी वही. आठवडाभरात सगळं साफ. मेमधली एंट्री जूनमध्ये सापडणार कुठून? त्यात सपोर्टवाल्यांचं आवडतं औषध म्हणजे 'एकदा रिस्टार्ट करून बघा'. प्रत्येक रिस्टार्टला एक वही मागे सरकते. मला विचाराल तर आधी लॉगचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, मगच रिस्टार्टला हात लावा.

दुसरं म्हणजे, काही गोष्टी त्या डायरीत कधी लिहिल्याच जात नाहीत. कोणी बिल डिलीट केलं, तर ती सर्व्हरच्या दृष्टीने चूक नाही, दिलेली आज्ञा आहे. एररलॉगमध्ये ती येतच नाही. म्हणजे तो लॉग माझ्या मुलाला चोरही ठरवू शकत नव्हता आणि निर्दोषही. डिलीट कोणी केलं हे कळायला सॉफ्टवेअरमध्येच एडिट लॉग लागतो. कंपन्यांना तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. आपल्या प्रोप्रायटरशिपला नाही, तरी घेताना मागून घ्या.

मग उडी कशी बसली? ओळखीतला एक जण कॉलेजचे सर्व्हर सांभाळतो, त्याला बोलावलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी लाईट गेली होती का?" गेली होती. वळवाचा पाऊस, जोराचं वारं आणि आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली. एस्क्यूएल सर्व्हर २०१२ पासून नंबर देण्यासाठी हजारचा गठ्ठा आधीच बाजूला काढून ठेवतो. नीट बंद केला तर उरलेले नंबर परत जमा होतात. अचानक वीज गेली तर गठ्ठा वाया जातो आणि पुढचा नंबर पुढच्या गठ्ठ्यातून निघतो. सकाळी आमचं पहिलं बिल ४३०२ होतं. त्यात हजार मिळवा.

ही उडी एरर म्हणून कुठेच नोंदत नाहीत. पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिम लॉगमध्ये, '६००८' नंबरची नोंद सापडली. मशीन अचानक बंद पडल्याची. तारीख तीच, वेळ ४ वाजून ४० मिनिटं. ती डायरी वेगळी असते आणि बऱ्याचदा जास्त दिवस टिकते. एररलॉग त्याच आठवड्यात बघितला असता तर त्यातूनही कळलं असतं. सर्व्हर नीट बंद होताना शेवटी 'मी बंद होतोय' अशी ओळ लिहितो. त्या दिवशीच्या वहीत ती ओळ नसती. म्हणजे कधी कधी नसलेली ओळच साक्ष देते. (पीसीचं घड्याळही तपासा बरं का. मदरबोर्डचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि एंट्री भलत्याच वर्षात सापडते.)

मॅडमनी रिटर्नमध्ये नंबर दोन वेगळ्या ओळींत दाखवले, आणि इव्हेंट व्ह्यूअरची प्रिंट फाइलला लावली. सॉफ्टवेअरवाल्याला मी सांगितलं की बिल नंबर सर्व्हरच्या आपोआप वाढणाऱ्या नंबरवर ठेवू नको, वेगळा मोज. दोन महिने 'बघतो' म्हणाला, मग केलं. लॉगच्या वह्या सहावरून नव्व्याण्णव केल्या. मॅनेजमेंट स्टुडिओत 'एस्क्यूएल सर्व्हर लॉग्ज'वर राइट क्लिक केलं की सेटिंग मिळतं, दोन मिनिटांचं काम. यूपीएसला नवी बॅटरी टाकली.

आणि त्या मुलाची माफी मागितली. त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकजण नेहमीचा प्लंबर, तो आला तेव्हा त्याच्यासमोर मागितली. दुसरा परत आला नाही. मुलगा अजून काउंटरवर आहे. रात्री पीसी बंद करण्याआधी बॅकअप आणि लॉगचं फोल्डर कॉपी करायचं काम आता त्याच्याकडे आहे, पेन ड्राइव्हही त्याच्याच खिशात असतो.